शिक्का कुणासाठी?

लग्नांचे अल्बम करण्यात मामांची हयात गेली. भाची कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. वाद पेटला तो नॉर्वेवरून. तिथे १ जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाचा बांधा किंवा त्वचा एडिटिंगने बदलली, तर फोटोवर सरकारने ठरवून दिलेला शिक्का लावावा लागतो. पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सरही त्यातून सुटत नाहीत.

"म्हणजे मी गुन्हेगारच," मामा म्हणाले. "नवरीच्या गालावरची पुटकुळी मी रोज पुसतो."

"नवरी काही विकत नाही, मामा. कायदा विकणाऱ्याला आहे."

"बरं, विकणाऱ्याचंच बोलू. लेन्स बदलली, मान जरा वळवली, प्रकाश एका बाजूने टाकला की चेहरा बारीक दिसतो. कॉम्प्युटरला हातही न लावता मी डोळ्यांना फसवीन. तिथे कुठला शिक्का मारशील?"

तिला उत्तर सुचलं नाही. ही पळवाट खरीच आहे.

मामांचा दुसरा मुद्दा याहून बोचरा होता. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सूचनांवर बरेच प्रयोग केले. फोटो एडिट केलेला आहे असं लिहूनही, तो पाहणाऱ्या तरुणींची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी सहसा कमी झाली नाही. खोटं आहे हे ठाऊक असूनही तुलना होतच राहते. "मग कायदा करून मिळवलं काय?" मामांनी विचारलं.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. "शिक्का औषध नाही, हे कबूल," ती म्हणाली. "पण समोरच्याला बरं वाटणार असेल तरच खरं सांगायचं का? क्रीमच्या जाहिरातीतली त्वचा कॉम्प्युटरवर गुळगुळीत केली असेल, तर तो क्रीमचा गुण नव्हे. पैसे मोजणाऱ्याला हे कळायलाच हवं. आणि फ्रान्समध्ये काय झालं बघ. १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केला की तसं लिहिणं सक्तीचं झालं. नाहीतर ३७,५०० युरोपर्यंत दंड. त्याच दिवसापासून गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीने असे फोटो स्वीकारणंच बंद केलं. धाक पाहणाऱ्याला नाही, एडिट करणाऱ्याला बसला."

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. लेन्सची शंका मात्र त्यांनी सोडली नाही.

ती शंका जमेस धरूनही भाचीची बाजू भक्कम आहे. इन्फ्लुएन्सरसकट सगळ्या जाहिरातींना लागू होणारा असा कायदा आपल्याकडेही यायला हवा. शाळकरी मुलीच्या सेल्फीला मात्र त्याने हात लावू नये.