मागून घेणे, पुढे देणे

मोऱ्याच्या धक्क्यावर ओहोटीची वेळ होती. भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच गाळामुळे लागू शकत नव्हती आणि भरतीचे पाणी चढेपर्यंत थांबण्यावाचून कोणालाच गत्यंतर नव्हते. म्हणून कोळणी आपल्या पाट्या सावलीत सरकवून बसल्या होत्या, नोकरदार मंडळी घड्याळाकडे पाहणे सोडून समोरच्या घारापुरीकडे पाहत होती आणि माझ्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ मांडीवरच्या जाड फायलीवर हात ठेवून स्वस्थ बसले होते. बोलता बोलता कळले की ते एका नगरसंस्थेच्या बांधकाम खात्यात कारकून आहेत आणि त्या फायलीत महामार्गाला जाऊन मिळणाऱ्या एका रस्त्याच्या सुधारणेसाठी सरकारकडे करावयाच्या अनुदानाच्या मागणीचा प्रस्ताव आहे: नकाशे, अंदाजपत्रक, सभेचा ठराव आणि अभियंत्याच्या सहीचे दाखले. मंजुरी मिळेल ना, असे मी विचारले. "मिळेल की," ते म्हणाले, "पण खरं सांगू का? इतकी वर्षं मी हेच अर्ज लिहितो आहे, आणि आपण गावाच्या वतीने भीक मागतो आहोत की गावाचं येणं वसूल करतो आहोत, हे मला अजून उमगलेलं नाही."

त्या गृहस्थांचा प्रश्न हिशेबाचा नव्हता, धर्माचा होता. आपल्या दारावरून जाणारा रस्ता दुसऱ्याच्या पैशाने व्हावा, असे एखाद्या नगराने इच्छिणे आणि त्यासाठी दरखास्त घेऊन वरच्या कचेरीच्या पायऱ्या चढणे, हे धर्म्य आहे काय? आणि धर्म्य असेल, तर घेणाऱ्याच्या माथ्यावर त्यातून कोणते कर्तव्य येऊन बसते?

आपल्या परंपरेने याचनेकडे फार सावधपणे पाहिले आहे. दान घेण्याचा ज्याला अधिकार आहे त्यानेही तो अधिकार वापरण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, कारण प्रतिग्रहाने घेणाऱ्याचे तेज मावळते, असे मनुस्मृतीने बजावले आहे. आणि पुराणकारांनी तर साक्षात विष्णूला मागण्यासाठी पाठवताना बटू करून पाठवले, कारण मागणारा कितीही मोठा असला तरी मागण्याच्या क्षणी तो लहान होतो. परंतु त्या कथेतील दुसरा बोध मला अधिक मोलाचा वाटतो. वामनाने मागितली ती तीन पावले भूमी, आणि व्यापले ते त्रिभुवन. मागणी आणि ग्रहण यांच्यामधील या अंतराची किंमत देणाऱ्या बळीला पाताळात उतरून मोजावी लागली. असे असूनही दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरांतून ज्याच्या राज्याची इच्छा आजही बोलून दाखवली जाते, तो मागणारा नव्हे, देणारा बळी होय. लोकांच्या मनाने हा निवाडा केव्हाच देऊन ठेवला आहे, आणि रस्त्यासाठी हात पुढे करणाऱ्या प्रत्येक नगराने तो ध्यानात ठेवावा असा आहे.

मार्ग, विहिरी, घाट, धर्मशाळा ही सारी लोकोपयोगी कामे पूर्वी 'पूर्त' या नावाखाली पुण्यकर्मांत गणली जात. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, काशीपासून रामेश्वरापर्यंत, जी बांधकामे केली ती याच भावनेने. ज्या गावांत ती झाली त्या गावांच्या दृष्टीने ते बाहेरून आलेले द्रव्यच होते. मुंबईच्या माहीमची खाडी ओलांडणारा मार्ग बांधण्यास सरकारने पैसा देण्याचे नाकारले, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ साली तो मार्ग खुला झाला. त्या बाईंनी घातलेली अट मात्र देणगीहूनही थोर होती: या मार्गावरून जाणाऱ्या कोणाकडूनही टोल घेतला जाऊ नये. या अटीमुळे देणगी माहीमच्या किंवा वांद्र्याच्या लोकांची न राहता चालणाऱ्या प्रत्येक पावलाची झाली. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला दिलेले दान गीतेने सात्त्विक मानले आहे, आणि अज्ञात वाटसरूइतका परतफेडीस असमर्थ दुसरा कोण असेल?

परंतु जेथे बैलगाडीची जागा मोटारीने घेतली, तेथे दात्याच्या औदार्यावर रस्ते सोपवून चालेना. मुंबईकर मनुष्य तरीने पनवेलला उतरे आणि १८३० साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने पुण्याकडे जाई, त्या काळी पनवेलचा रस्ता ही जवळपासच्या लोकांची बाब मानता आली असती. पुढे त्याच रस्त्यावरून सबंध देशाचा माल धावू लागला आणि त्याचा भार वाहणे स्थानिक तिजोरीच्या आवाक्याबाहेर गेले. ही गोष्ट प्रथम अधिकृतपणे मांडणारा मनुष्य आपल्याच प्रांतातला होता, याचा मला अभिमान वाटतो. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने असा निर्णय दिला की, रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीपलीकडे जात असून त्याचा काही भार मध्यवर्ती महसुलाने उचलला पाहिजे. त्या शिफारशीनुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. २००० सालच्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले, आणि आजही पेट्रोल व डिझेल यांवरील उपकराचा पैसा त्यात जमा होतो.

या व्यवस्थेत दात्याचे रूपच पालटले. गडचिरोलीत ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणारा शेतकरी, सोलापुरात रिक्षा चालवणारा तरुण, नांदेडहून लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेल्या जीपचा धनी, यांपैकी कोणालाही आपण पळस्प्याच्या किंवा उरणच्या रस्त्यासाठी काही देत आहोत याची जाणीव नसते. त्यांतील बहुतेक जण त्या रस्त्यावर आयुष्यात पाऊलही ठेवणार नाहीत. अवाबाईंना आपण काय देतो हे ठाऊक होते आणि कोणाला देतो हे ठाऊक नव्हते. या नव्या दात्याला दोन्ही ठाऊक नाही. ज्याचे आभार मानता येत नाहीत, ज्याला दुवा देता येत नाही, ज्याचे नाव कोनशिलेवर कोरता येत नाही, असा हा दाता आहे.

येथे कोणी विचारील की, दान हा शब्द येथे आणताच कशाला, हा तर हक्क आहे. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. पनवेलला नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची रीत या गावाला मुंबई-ठाणे आगगाडीहूनही जुनी आहे. २०१६ साली तेथे महानगरपालिका झाली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल ही नगरसंस्थांच्या कामांची बाब म्हणून नोंदली. पण काम सोपवले गेले तरी त्याच्या प्रमाणात उत्पन्नाची साधने आली नाहीत. उलट नगरपालिकांचा जुना आधार असलेली जकात १९९९ साली उठली आणि तिच्या जागी सरकारकडून येणारे अनुदान आले. ज्याची झोळी त्याच्या मालकाच्याच हुकमाने रिकामी झाली, त्याने तिच्यात काही मागितले तर त्याला भिक्षेकरी म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा त्या कारकुनाने खंत करण्याचे कारण नाही: तो गावाचे येणेच मागत होता.

आणि तरीही हक्क हा शब्द उच्चारून माझे समाधान होत नाही. कोणी द्यावे, एवढेच हक्क सांगतो. मिळाल्यावर मी काय करावे, याविषयी तो मुका असतो. त्यासाठी आपल्या परंपरेतील भिक्षा आणि हक्क या दोहोंहून निराळ्या अशा एका तिसऱ्या शब्दाकडे वळावे लागते. तो शब्द ऋण.

कर्ज आणि ऋण हे शब्द व्यवहारात आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे. घारापुरीच्या पलीकडून शिवडीहून न्हावाशेवाकडे आलेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जपानच्या सहकार्य संस्थेकडून घेतलेल्या कर्जाच्या साहाय्याने बांधला गेला, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्या कर्जाला मुद्दल आहे, व्याज आहे, मुदत आहे. एके दिवशी शेवटचा हप्ता फिटेल आणि देणारा व घेणारा एकमेकांपासून मोकळे होतील. अनुदानाचे तसे नाही. ते परत मागितले जात नाही, आणि म्हणूनच ते कधी फिटत नाही. वरवर पाहता अनुदान हे कर्जाहून हलके वाटते. वस्तुतः ते अधिक जड आहे, कारण कर्जाचा भार तिजोरीवर असतो आणि अनुदानाचा सदसद्विवेकबुद्धीवर.

ज्याचा धनको भेटत नाही असे ऋण कसे फेडावे, याचे उत्तर तैत्तिरीय संहितेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ब्राह्मण जन्मतः ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो, असे सांगून तिने पितृऋणातून मुक्त होण्याचा जो उपाय सांगितला तो प्रजोत्पादनाचा, म्हणजे मागच्यांचे देणे पुढच्यांना देण्याचा आहे. बापाने मुलाला वाढवले त्याची भरपाई मुलगा बापाला करू शकत नाही. ती तो आपल्या मुलाला वाढवून करतो. आपल्या भाषेत 'मागून' या एका शब्दात याचना करून आणि पाठीमागून हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हा मला मोठा अर्थपूर्ण योग वाटतो. अनुदान हे दोन्ही अर्थांनी मागून आलेले असते. त्याची फेड मात्र पुढेच करता येते.

पुढे, म्हणजे नेमकी कोणाला? सर्वप्रथम त्या रस्त्यावरून उद्या चालणाऱ्याला. नगरोत्थानासारख्या योजनांत राज्य आपला वाटा देते आणि नगरसंस्थेने स्वतःचा वाटा उभारावा असा नियम आहे. तो वाटा भरताना पुष्कळदा कपाळाला आठ्या पडतात, पण माझ्या मते तोच या सर्व व्यवहारातील धर्माचा अंश होय, कारण जो स्वतः काहीच घालत नाही त्याला दुसऱ्याच्या घामाची किंमत कळत नाही. त्याहूनही खरी फेड देखभालीत आहे. नवा रस्ता करण्यास पैसा मिळतो, समारंभ होतो, फीत कापली जाते. परंतु पावसाळ्यापूर्वी गटार उपसणे, खड्डा लहान असतानाच बुजवणे, पदपथ चालण्याजोगा राखणे, या कामांना समारंभ नसतो. कोकणात चार महिने कोसळणाऱ्या पावसात पाणी तुंबून डांबर उखडले, तर सोलापूरच्या त्या रिक्षावाल्याने अजाणता दिलेले दोन पैसे गटारात गेले, असे म्हणावे लागेल. जरुरीपेक्षा फुगवलेले अंदाजपत्रक आणि जरुरीपेक्षा कमी ठेवलेली निगा ही दोन्ही माझ्या दृष्टीने चोरीचीच रूपे आहेत. यज्ञचक्रातून घेऊन त्यात काहीच न घालणाऱ्याला गीतेने याहून सौम्य नाव दिलेले नाही.

दुसरी फेड जमिनीच्या मालकांना. रस्त्याला मिळणारे पहिले अनुदान पैशाचे नसते, भूमीचे असते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. पुरेसा मोबदला आणि विकसित जमिनीतील वाटा यांसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती या रक्ताच्या मोलाने. आज कंटेनरांची रांग ज्या रस्त्यांवरून बंदराकडे सरकते, त्यांच्याखाली मिठागरे आणि भाताची खाचरे आहेत. बळीने निदान स्वेच्छेने दिले होते. रुंदीकरणाचा प्रस्ताव लिहिताना नकाशावरची रेघ कोणाच्या अंगणातून जाते, हे पाहणे हा दयेचा नव्हे, ऋणाचा भाग आहे. तीन पावले मागून सारे व्यापण्याचा मोह येथेच आवरावा लागतो.

येथून फार दूर नसलेल्या पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी भूदानाच्या पदयात्रेत दान या शब्दाचा शंकराचार्यांनी केलेला अर्थ लोकांपुढे ठेवला: दान म्हणजे संविभाग, नीट केलेली वाटणी. उपकार करणे हा त्याचा अर्थ नव्हे. या अर्थाने पाहिले म्हणजे देणाऱ्याचा अहंकार आणि घेणाऱ्याची लाज दोन्ही गळून पडतात; आणि ज्याला वाटा मिळाला त्याने पुढच्याचा वाटा सांभाळावा, एवढीच सरळ गोष्ट उरते. भिक्षेत घेणारा लवतो, हक्कात घेणारा ताठ उभा राहतो. संविभागात तो दोन्ही बाजूंनी हात धरलेला, रांगेतला एक असतो.

भरतीचे पाणी चढले आणि लाँच धक्क्याला लागली. लाटेने ती वरखाली होत होती आणि धक्का व तिची कड यांमधील अंतर क्षणाक्षणाला बदलत होते. पुढे चढलेल्या एका खलाशाने हात पुढे केला आणि मला आत ओढून घेतले, आणि मी त्याच्याकडे वळून काही बोलणार तोच तो दोर सोडण्यासाठी टोकाकडे गेलासुद्धा. माझ्या पाठीमागे ते गृहस्थ एका हाताने फाईल छातीशी धरून उभे होते. मी त्यांना हात दिला. आत येताच त्यांनी फाईल काखेत मारली, वळले आणि त्यांच्यामागून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या कोळणीला हात दिला.