जुनं जाकीट

एक कबुली देतो. मला एक जाकीट आवडलं आहे. निळं, फ्रान्सच्या कामगाराचं, जुनं.

फोटो मोबाईलवर पाहिला. जाड सुती कापड, बाहेरून शिवलेले तीन खिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले कारखान्यातले, रेल्वेतले कामगार असलं घालत आले. डाग दिसू नये म्हणून निळं. आता शौकीन लोक तेच विटलेलं, ठिगळाचं हुडकून चढ्या दामानं घेतात. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर बिल कनिंगहॅम तर असलंच घालून फॅशनवाल्यांचे फोटो काढत हिंडला.

सवाल असा. जुनेर आपल्याला नवं नाही. शूद्राला उतरलेलं आणि चांडाळाला मेलेल्याच्या अंगावरचं, हे मनूनं लिहूनच ठेवलं होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते जाळलं. तिथंच बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, जात दाखवणारी नेसण टाका. स्वतः सूट घातला. माझ्या आजीनं मालकाघरचं उतरलेलं लुगडं परत केलं होतं. तिच्या नातवानं मेलेल्या गोऱ्याच्या जाकिटावर जीव टाकावा?

बरेच दिवस हे डोक्यात फिरत होतं. मी गोंदियात राइस मिलमध्ये आहे. कोंडा मानेत शिरतो, रात्रभर टोचतो. आणि आम्ही घालतो काय? कुणाची लग्नातली जुनी पँट, कुणाचं निवडणुकीत वाटलेलं टीशर्ट. घरात निकामी झालं की मिलमध्ये चालतं. कामासाठी बेतलेलं एक कापड अंगावर नाही. (इंग्रजीत कामाच्या कपड्याला ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेला. शब्द आमचा, कपडा मात्र नाही.)

तेव्हा कळलं, मला भूल पडली ती ठिगळाची नाही. शौकिनाला ठिगळ शोभतं, कारण संध्याकाळी तो ते खुंटीला टांगतो. मला हेवा वाटला तो खिशाचा. त्या कामगाराचा हात कुठवर जातो, अवजार कुठं ठेवतो, हे कुणीतरी पाहून कात्री चालवली होती. आमचा हात कुणी पाहिला?

मग टेलरकडे गेलो. इथल्या उन्हाळ्यात ते जाड कापड चालत नाही, म्हणून पातळ सुती सांगितलं. गळा बंद, बाही मनगटाला घट्ट, निळंच. तो हसला. म्हणाला, “मिलमंधी जाले कोणी कपडे शिवते का बे?”

म्हटलं, भाऊ, माप घे.