विमानाआधीचे तास

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो अटलांटिककडे वळत नाही, पॅसिफिककडेही नाही. मध्य आशिया, रशिया करत सरळ आर्क्टिकमध्ये शिरतो. पण विमानं या दोऱ्यावरून जातातच असं नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीपेक्षा हजारभर किलोमीटरहून अधिक लांब. तरी विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पॅसिफिकवरून जाताना ते पाठीशी असतात, अटलांटिकवरून जाताना समोरून येतात.

वाऱ्याइतकाच सरकारांचाही हात असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. शहरं जागच्या जागी, तास मात्र वाढले.

तिकिटावर हे तास निदान छापलेले असतात. पालघरच्या किनाऱ्यावरल्या चिंचणीहून निघणाऱ्याचे पहिले तास कुठेच छापलेले नसतात. रिक्षाने वाणगाव, तिथून लोकल, अंधेरीला उतरून पुन्हा रिक्षा, हातात दोन मोठ्या बॅगा. वाणगावमार्गे डहाणू रोडपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये. पण विरारच्या पुढे दोनच मार्गिका, आणि त्यांवरच लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. गाडी केली तर बोईसर, चिल्हार फाटा आणि मग महामार्ग. घोडबंदरच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अडकलं की घरच्यांचे फोन सुरू. म्हणून रात्रीच्या विमानासाठी दुपारीच निघायचं, वर विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं. लंडनचं विमान नऊ-दहा तासांचं. त्याच्या जवळपास तेवढाच वेळ धावपट्टी दिसेपर्यंत गेलेला असतो. विमानं वेगवान होऊन यातलं एक मिनिटही वाचणार नाही.

प्रवास नेमका कुठे अडतो, हे या किनाऱ्यावर एका कारभाऱ्याला फार पूर्वी कळलं होतं. चिंचणीत सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांपैकी एक इसवी सन ९२६चा आहे. राजा तिसरा इंद्र. संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे. मधुमती म्हणजे मोहम्मद, असं अभ्यासक मानतात. त्याने संजाणजवळच्या दोन प्रवाहांवर फुकट नावा सुरू केल्या आणि अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. अरबस्तानापर्यंतचा समुद्र त्याला कमी करता येणार नव्हता; दाराशी आडवं येणारं पाणी ओलांडून देणं त्याच्या हातात होतं.

आता चिंचणीच्या उत्तरेला वाढवणला मोठं बंदर होतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्याच भागात समुद्रात भराव घालून विमानतळ बांधायचीही चर्चा आहे. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर बोईसर हे एक स्थानक आहे. परदेशी मुलं-नातवंडं असलेल्या घरांना हे सोयीचं वाटणार, आणि त्यात गैर काही नाही. पण वाढवण-वरोरचे मच्छीमार बंदराला वर्षानुवर्षं विरोध करत आलेत, कारण भराव पडणार तो त्यांच्या मासेमारीच्या पाण्यात. वाचलेल्या तासांचा हिशेब मांडताना ही बाजूही त्यात धरावी लागेल. शिवाय वाणगाव-बोईसरच्या रोजच्या प्रवाशाला आधी हव्यात त्या विरारपुढच्या आणखी दोन मार्गिका.