चालीचा वारस

आमच्या भजनी मंडळात मी गात नाही; हिशेब ठेवतो. देवळाची एक किल्लीही माझ्याकडे असते. शाळामास्तराला गावात असली कामे आपोआप चिकटतात, आणि किल्ली हाती आली की माणसाला हळूहळू वाटू लागते, की आतले सारे आपणच राखीत आहोत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी तोंडावर आली होती. माझा एक जुना विद्यार्थी खांद्याला गिटार अडकवून घरी आला. म्हणाला, "सर, बुवांकडून जुन्या चाली शिकायच्या आहेत. गिटार घेऊन देवळात बसू द्याल का?"

माझा चेहरा पाहून त्याने खिशातला मोबाईल काढला आणि मला दोन गोष्टी ऐकविल्या. पहिली होती तुवा प्रांतातली. हा मुलूख सैबेरियाच्या दक्षिणेला, मंगोलियाला लागून. गुरे-घोडे राखणारी तिथली माणसे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढतात. खाली खर्ज घुमत राहतो आणि वर कोणी शीळ घालावी तसा बारीक स्वर तरंगतो. १९९१ साली अल्बर्ट कुवेझिन याने एका मित्राबरोबर 'यात-खा' हा बँड काढला आणि त्या पुरातन गळ्याशेजारी विजेवरची गिटार आणून बसविली. बँडला नाव मात्र दिले तिकडच्या एका जुन्या तंतुवाद्याचे! दुसरे गाणे मुंबईच्या 'अभंग रीपोस्ट' या तरुणांच्या बँडचे. शब्द संतांचे, साथीला गिटार आणि ड्रम.

मी म्हणालो, "बाळ, देवळात हे चालायचे नाही."

तो वाद न घालता चहा पिऊन गेला. त्या रात्री मला छान झोप लागली. आपण काहीतरी वाचविले, अशा समाधानाची ती झोप होती.

त्याच वर्षी कार्तिकीनंतर बुवा गेले.

तेराव्यानंतर आम्ही चार माणसे त्यांच्या चाली आठवीत बसलो. अभंग गाथेत छापलेले होते; ते कुठे जाणार? चाली मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. बाकीच्या बुवांच्या गळ्यात होत्या, आणि गळा शिवनेच्या काठी राख झाला होता. त्या शिकायला एकच मुलगा आला होता. त्याला मी दारातून परत पाठविले होते.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. राखणे म्हणजे काय?

ज्या पेटीवर बुवा गात, ती तरी आपली कुठे होती? हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. हे वाद्य आपल्या संगीताला मानवत नाही, म्हणून १९४० साली रेडिओने तिला बाहेर काढले आणि पुढे तीस वर्षे आत घेतले नाही. आमच्या खेड्यांतल्या देवळांनी मात्र तिला परक्याची पोर म्हणून हिणविले नाही. ती सुनेसारखी आली आणि घरची होऊन बसली. तिला विसरून मी गिटारला जात विचारीत होतो.

यावर कोणी म्हणेल, मग काहीही मिसळावे काय? नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या नाथांची आठवण होते. १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलकारांनी घुसडलेले पाठ काढले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. एका अक्षराचीही भेसळ त्यांना खपत नव्हती. आणि तेच नाथ भारुड लिहायला बसले, तेव्हा त्यांनी गोंधळी, वासुदेव, जोशी अशा रस्त्यावरच्या साऱ्यांची सोंगे बेधडक उचलली! एकाच हाताने दोन्ही कामे केली. ज्याला मूळ ठाऊक असते, त्यालाच काय बदलले तरी चालते हे कळते. म्हणून मिसळण्याचा अधिकार आधी शिकून मिळवावा लागतो. पण शिकायला आलेल्यालाच दार लावले, तर तो अधिकार मिळविणार कुठून?

एक शंका मात्र माझ्या मनात अजून आहे. भजनात श्रोता असा कोणी नसतोच. ज्याला सूर नाही, त्याच्याही हाती टाळ देतात. रंगमंच उभा राहिला, दिवे लागले, की गाणारे वर आणि ऐकणारे खाली अशी फाळणी होते. अभंगाला गिटारने बाट लागत नाही. तो बाट कदाचित या फाळणीने लागेल. नव्या मुलांना मी विचारीनच, की तुमच्या गाण्यात आमच्या सखूआजीच्या टाळेला जागा आहे का? पण हा प्रश्न दार उघडून आत घेतल्यावर विचारायचा.

गेल्या भाऊबीजेला तो मुलगा संभाजीनगरहून घरी आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सर, बुवा काकड्याला एक चाल म्हणायचे, आठवते?"

मी डोळे मिटून गुणगुणू लागलो. पहिला चरण आला. दुसऱ्यापाशी अडलो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो. तो काही बोलला नाही. त्याने तेवढाच चरण दोनदा गिटारवर वाजवून घेतला.

मी उठून खुंटीवरची देवळाची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. तो दुसरा चरण मात्र मला अजून आठवलेला नाही.