स्वाक्षरीचा विवेक

भारताचे राष्ट्रपती आणि केंद्रातील मंत्री यांच्या शपथांत एक अर्थपूर्ण भेद आहे. मंत्री संविधानाविषयी श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची शपथ घेतो. राष्ट्रपती संविधानाचे रक्षण करण्याची आणि जनतेच्या सेवेला व कल्याणाला वाहून घेण्याची शपथ घेतात. निष्ठा मनात बाळगता येते, रक्षणाला कृती लागते. पण ज्या व्यक्तीवर संविधानाने ही रक्षणाची जबाबदारी टाकली, तिलाच त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधूनही ठेवले. मग जो स्वतः निर्णय घेत नाही, त्याच्या स्वाक्षरीला काही नैतिक अर्थ असतो काय? असल्यास तो कोणता? हा प्रश्न घटनापंडितांइतकाच नीतिविचाराचाही आहे.

मसुदा घटनासमितीपुढे मांडताना, 4 नोव्हेंबर 1948 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पदाची तुलना अमेरिकेच्या अध्यक्षाशी न करता इंग्लंडच्या राजाशी केली होती. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतील, राष्ट्रावर राज्य करणार नाहीत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पण हा राजा वंशाने येत नाही. संसदेचे आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून त्याची निवड करतात, आणि सर्व राज्यांच्या मतांचे एकूण मूल्य संसदेच्या मतमूल्याइतके राहावे अशी योजना अनुच्छेद 55 मध्ये आहे. 2022 च्या निवडणुकीत आमदारांच्या मतांचे मूल्य 5,43,231 आणि खासदारांच्या मतांचे 5,43,200 होते. त्या वेळी उत्तर प्रदेशातील एका आमदाराच्या मताचे मूल्य 208, महाराष्ट्रातील आमदाराचे 175, तर सिक्कीममधील आमदाराचे अवघे 7 होते. मोठे-लहान भेद लोकसंख्येनुसार राखूनही संघ आणि घटक राज्ये यांना एका तराजूत समान ठेवणारे दुसरे पद आपल्या व्यवस्थेत नाही. साहजिकच या पदावरील व्यक्तीला वाटू शकते, की आपण केवळ मंत्रिमंडळाचे नव्हे, तर साऱ्या संघराज्याचे विश्वस्त आहोत.

पहिल्या राष्ट्रपतींना ते वाटले. मंत्र्यांचा सल्ला बंधनकारक आहे असे संविधानात कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही, याची नोंद डॉ. राजेंद्र प्रसादांनी घटनासमितीचे अध्यक्ष म्हणून 1949 मध्येच केली होती आणि संकेताने ते साधेल अशी आशा व्यक्त केली होती. पुढे 1951 मध्ये हिंदू संहिता विधेयकाच्या प्रसंगी, आपण स्वतःच्या विवेकाने वागू इच्छितो, असे त्यांनी पंडित नेहरूंना कळविले. महान्यायवादी सेटलवाड यांचे मत विरुद्ध पडले. 1960 मध्ये दिल्लीतील एका भाषणात त्यांनी हा प्रश्न पुन्हा अभ्यासकांपुढे ठेवला. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. निवडून आलेल्या संसदेने विचारपूर्वक केलेला कायदा एका सज्जनाच्या सदसद्विवेकाला पटला नाही म्हणून अडावा काय? सज्जनांविषयी आदर असणाऱ्यानेही याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. कारण आज सज्जनाला दिलेला अधिकार उद्या दुर्जनाच्याही हाती जातो. 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका निःसंदिग्धपणे घेतली. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तिला अनुच्छेद 74 मध्ये शब्दरूप दिले. आणि 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा दिली.

तेव्हा अंतिम शब्द मंत्रिमंडळाचा, हे ठरले. परंतु अंतिम शब्द आपला नाही म्हणून आपल्याला शब्दच नाही, असा समज करून घेणे ही वेगळीच गोष्ट आहे. 25 जून 1975 ची रात्र या संदर्भात आठवावी लागते. अंतर्गत अशांततेच्या कारणास्तव आणीबाणी जाहीर करण्याचा सल्ला पंतप्रधानांकडून आला, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. मंत्र्यांना ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी समजली. राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी त्याच रात्री स्वाक्षरी केली. ती नाकारण्याचा अधिकार त्यांना होता की नाही, यावर वाद घालता येईल. पण एका मंत्र्याने घेतलेला आणि मंत्रिमंडळाने न विचारात घेतलेला निर्णय मंत्रिमंडळापुढे ठेवण्यास सांगण्याचा अधिकार अनुच्छेद 78 मध्ये 1950 पासूनच होता. ‘मंत्रिमंडळाने हे ठरविले आहे काय?’ एवढा एक प्रश्न विचारण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. तो विचारला गेला असता तर इतिहास बदलला असता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. बहुधा सकाळी झाले तेच मध्यरात्री झाले असते. तरीही कर्तव्याचे मोल परिणामावरून ठरत नाही. पुढे 44 व्या दुरुस्तीने अशा उद्घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. एका माणसाने न विचारलेला प्रश्न कायद्याला कायमचा विचारून ठेवावा लागला.

प्रश्न विचारला म्हणजे काय होते, हे के. आर. नारायणन यांच्या कारकिर्दीत दिसले. ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशात आणि सप्टेंबर 1998 मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस त्यांनी परत पाठविली. पहिल्या वेळी केंद्रात गुजराल यांचे सरकार होते, दुसऱ्या वेळी वाजपेयींचे. दोन्ही वेळा मंत्रिमंडळाने तेव्हा आग्रह धरला नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये बिहारसंबंधी शिफारस पुन्हा आली, त्यावर त्यांनी स्वाक्षरी केली. परंतु राज्यसभेत बहुमत मिळण्याची चिन्हे नसल्याने मार्चमध्ये सरकारलाच ती राजवट मागे घ्यावी लागली. राष्ट्रपतींनी विचारले, मंत्रिमंडळाने ठरविले, आणि राज्यांच्या सभागृहाच्या बलाबलाने तो निर्णय टिकू दिला नाही. संसदीय संघराज्य याहून वेगळे काय असते? 2006 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांसंबंधीचे विधेयक परत पाठविले; सभागृहांनी ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले; आणि त्यांनी स्वाक्षरी केली. काहींनी याला पराभव मानले. वस्तुतः आपली शंका सकारण मांडणे आणि ती मांडून झाल्यावर प्रातिनिधिक निर्णयापुढे नमते घेणे, या दोहोंना सारखेच धैर्य लागते.

याहून अवघड उदाहरण मौनाचे आहे. 1986 मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या टपाल दुरुस्ती विधेयकाने सरकारला नागरिकांची पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार मिळणार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर ना स्वाक्षरी केली, ना ते परत पाठविले. अनुमती किती दिवसांत द्यावी हे अनुच्छेद 111 सांगत नाही. त्या रिकाम्या जागेत ते विधेयक पडून राहिले. 1990 मध्ये वेंकटरामन यांनी ते परत पाठविले आणि 2002 मध्ये ते मागे घेण्यात आले. नागरिकांची पत्रे वाचली, हे खरेच. म्हणून साधनही निर्दोष ठरते काय? परत पाठविणारा कारण देतो, आणि कारणाचा प्रतिवाद करता येतो. गप्प राहणारा प्रतिवादाची जागाच मिटवून टाकतो. मौनाने एकदा चांगले काम केले म्हणून मौनाला अधिकाराचा दर्जा दिला, तर तेच मौन वाईट कामालाही उपलब्ध राहते.

राज्यांत तसे घडलेही आहे. विधानसभांनी संमत केलेली विधेयके राज्यपालांकडे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, अडकून राहिली. एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्णयांना मुदती घालून दिल्या. राष्ट्रपतींनी विचारणा केल्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये घटनापीठाने मत दिले, की न्यायालय अशा मुदती ठरवू शकत नाही आणि अनुमती मिळाली असे गृहीतही धरता येत नाही. मात्र दीर्घ व अकारण निष्क्रियतेची मर्यादित दखल न्यायालय घेऊ शकते. म्हणजे घड्याळ पुन्हा पदावरील व्यक्तीच्या विवेकाच्याच स्वाधीन झाले. मतदाराने निवडलेल्या विधानसभेला उत्तराची वाट पाहायला लावणे हा केवळ कार्यालयीन विलंब नाही. तो त्या मतदाराचा अवमान आहे.

मराठी मनाला अशा वेळी रामशास्त्री आठवतात. नारायणरावांच्या खुनाबद्दल सत्ताधीशाला देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारा तो न्यायाधीश आपल्या परंपरेत निःस्पृहतेचा मानदंड ठरला आहे. राष्ट्रपतींपुढेही राजीनाम्याचा मार्ग खुला असतो; आजवर कोणी निषेध म्हणून तो स्वीकारलेला नाही. पण हा आदर्श येथे जपूनच लावला पाहिजे. रामशास्त्र्यांचे कामच निवाडा करण्याचे होते. राष्ट्रपतींचे काम निवाडा देण्याचे नाही, निवाडा योग्य रीतीने झाला आहे याची खात्री करून घेण्याचे आहे. मतभेद होताच पद सोडणे हा आपल्या मनाच्या शुद्धतेचा अभिमानही असू शकतो. संविधानाची चौकटच मोडली जात असेल, तेव्हा मात्र राहणे हा सहभाग ठरतो.

अखेर हेही ध्यानात घ्यावे, की राष्ट्रपती विरुद्ध संसद ही मांडणीच अपुरी आहे. अनुच्छेद 79 नुसार राष्ट्रपती आणि दोन सभागृहे मिळून संसद होते. त्यामुळे राष्ट्रपतींच्या विवेकाची जी परीक्षा आपण करतो, तीच सदस्यांचीही केली पाहिजे. चर्चेवाचून हात वर करणारा सदस्य आणि वाचल्यावाचून स्वाक्षरी करणारा राष्ट्रप्रमुख यांचा दोष एकाच जातीचा आहे. दोघांनाही वाटत असते, की निर्णय दुसरीकडे कोठे तरी झाला आहे. संविधानाने अधिकार वाटून दिले ते जबाबदारी सर्वांनी घ्यावी म्हणून, ती एकमेकांवर ढकलता यावी म्हणून नव्हे. ज्या कागदाचे भवितव्य आपल्या हाती नाही, त्यावरही आपले नाव उमटणार असते. आणि त्या नावापुरते तरी उत्तर प्रत्येकाने द्यावयाचे असते.