आराखड्याबाहेरचे आकाश

हवाई वाहतूक नियंत्रणाच्या संगणकाला आकाश कळते ते बव्हंशी विमानांनीच दिलेल्या माहितीतून. उड्डाणापूर्वी फ्लाइट प्लॅन दाखल होतो. पुढे जमिनीवरच्या रडारने विचारताच विमानातला ट्रान्सपाँडर ओळख आणि उंची कळवतो. पडद्यावरचे चित्र यावर उभे असते.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूची एक मोठी रिंग कोसळली. व्यास जवळपास तीन मीटर. ती चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा अवशेष असावी, असे अंतराळ अभ्यासकांनी सांगितले. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. या पाहुणीकडे ना फ्लाइट प्लॅन होता, ना ट्रान्सपाँडर. अशा अवशेषाची वाट नेमकी वर्तवता येत नाही, म्हणून त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दुसरे चिनी रॉकेट कोसळत असताना स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा काही भाग थोडा वेळ सरळ बंद ठेवला.

न कळवता आलेल्या वस्तूपुढे संगणक हतबल असतो, हे समजण्यासारखे आहे. खरी अडचण रीतसर कळवलेल्या, पण विचित्र माहितीची. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनच्या यंत्रणेकडे एक वैध फ्लाइट प्लॅन आला. त्याच्या मार्गात एकाच सांकेतिक नावाचे दोन बिंदू होते, एक फ्रान्समध्ये आणि दुसरा अमेरिकेत. प्रोग्रॅमला त्याचा अर्थ लागेना. चुकीची माहिती कंट्रोलरपुढे जाऊ नये म्हणून तो स्वतःहून थांबला. राखीव यंत्रणेने काम हाती घेतले, तोच प्लॅन वाचला आणि तीही थांबली. सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला.

तोच प्रोग्रॅम चालवणारी राखीव यंत्रणा हा बिघडलेल्या हार्डवेअरवरचा उपाय आहे; सदोष तर्कावरचा नाही. एकाच वहीतून गणित उतरवलेल्या दोन मुलांची उत्तरे जुळणारच. ब्रिटनमध्ये थांबण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, फसला तो त्याचा आवाका. न कळलेला एक प्लॅन बाजूला काढून माणसाकडे सोपवायचा आणि बाकीचे काम चालू ठेवायचे, एवढी सोय पुरली असती.

अर्थात, माणसाकडे सोपवले की वेग घटतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनची देवाणघेवाण करणारी संदेशयंत्रणा बिघडली, तेव्हा कंट्रोलरांनी ते काम हाताने केले आणि ८०० हून अधिक उड्डाणे रखडली. म्हणून हाताने किती विमाने सांभाळता येतील, हा आकडा यंत्रणा आखतानाच ठरवावा लागतो, आणि त्या पद्धतीचा सराव चालू दिवसांतही ठेवावा लागतो.