कपाटाचा खालचा खण

पुरुषाला कपडे फार लागत नाहीत, असं सगळे पुरुष म्हणतात. कपाट उघडून दाखवा म्हटलं, की विषय बदलतात.

आमच्या कपाटाला चार खण आहेत. त्यातला तळचा माझा. तीन खण कुणाचे, हे सांगायची गरज नाही. पण माझ्या एका खणात जे सामावलं होतं ते पाहून मंडळी थक्क झाली. विटलेले सहा शर्ट, कमरेत न बसणाऱ्या चार पँटी, गुंड्या हरवलेला एक सफारी आणि आहेरात आलेले अकरा शर्टपीस. शर्टपीस हे कापड असतं असा अनेकांचा गैरसमज आहे. ती हुंडी आहे. ती आपण वटवायची नसते, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या नावे करायची असते. एकदा तर मीच दिलेला एक पीस सात वर्षांनी मला परत आला. खोक्यावर पूर्वीच्या दोन घरांची नावं खोडलेली होती.

आता नायगावात हे सगळं साठवणं म्हणजे साधी गोष्ट नाही. भाईंदरची खाडी ओलांडली, की आमचं स्टेशन. आजूबाजूला मिठागरं, दलदल आणि अंगाला चिकटणारी हवा. श्रावणात कपाट उघडलं, तर कोटावर पांढरी बुरशी आणि पट्ट्यावर हिरवी. तेव्हा वर्षातून एकदा खण रिकामा करणं भागच असतं. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. टाकायचं काय, आणि टाकण्याला म्हणायचं काय?

‘गरिबाला देऊन टाक’ हे आपलं ठरलेलं उत्तर. या वाक्यात ‘देऊन’पेक्षा ‘टाक’ला जोर जास्त आहे. मला नको झालेली वस्तू दुसऱ्याला दिली, तर ते दान झालं, की मी माझी अडगळ त्याच्या घरी हलवली? २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्यांना पुण्य पोचलं असेल. कपडे मात्र कुणाच्या अंगापर्यंत पोचले नाहीत. ‘गूंज’ या दिल्लीच्या संस्थेनं त्यातलं पुष्कळ कापड निवडून, धुऊन कामी लावलं. ही संस्था १९९९ पासून हेच सांगत आली आहे, की जुना कपडा म्हणजे भीक नव्हे. गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला पंचा नेसला, तो कपाट आवरण्यासाठी नव्हे. त्यांनी स्वतःच्या अंगावरचं कमी केलं. आपण खणातलं कमी करतो आणि त्याच मापाचं समाधान मागतो.

या बाबतीत मला बोहारणीइतकं सरळ माणूस दुसरं दिसत नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगीत अजून ती अधूनमधून येते. पँट उजेडाकडे धरते, बूड तपासते आणि म्हणते, “साहेब, इथं झिरलीय.” चार पँटींवर तिनं एक स्टीलचा डबा देऊ केला, तोही बिनझाकणाचा. झाकणासाठी सफारी मागितला. त्यात कुणी दाता नाही, कुणी याचक नाही, आणि कुणाला आशीर्वादही द्यावा लागत नाही.

आमच्यापासून दोन स्टेशनं पुढं नालासोपारा. तिथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये केलं. त्या धर्माच्या जुन्या ग्रंथात आनंद या भिक्षूची एक गोष्ट आहे. त्याला पाचशे वस्त्रं दान मिळाली, तेव्हा राजा उदयनानं विचारलं, एवढ्यांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना देऊ. आणि ती जीर्ण चीवरं? त्यांचे पलंगपोस. पलंगपोस जुने झाले की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडक्यांच्या चिंध्या झाल्या की त्या मातीत कालवून जमीन सारवायची. राजानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. आमची आजी पाली शिकली नव्हती, पण धोतराची गोधडी आणि गोधडीचं पोतेरं करताना हाच ग्रंथ वाचत होती.

ही साखळी तुटली ती टेरिकॉटनं. सुती कपडा स्वतःच विरत जातो. टाकायचा निर्णय तोच घेतो, आपण फक्त मान डोलवायची. टेरिकॉट विरत नाही, फाटत नाही, आणि फडकं केलं तर पाणीही टिपत नाही. मोक्षाची वाट बंद.

माझ्या खणात तळाशी असा एक शर्ट होता. बाबांचा. निळ्या रेघांचा, १९७८ सालचा. बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली. कॉलरची कडसुद्धा ढळलेली नाही. बोहारणीनं तो उचलला, चोळून पाहिला आणि म्हणाली, “हा द्या, झाकण नेते वर.” म्हणजे झाकणासहित डबा. आमची ही काही बोलली नाही. मीही बोललो नाही. देणं शहाणपणाचं होतं. वस्तूत माणूस नसतो, हे मला चार लोकांना समजावून सांगता येतं. पण ठेवला, तर नेमकं काय ठेवलं, हे सांगता येईना. पंधरा वर्षांत तो मी एकदाही घातला नव्हता. मला तो खांद्यात होत नाही.

तेवढ्यात चिरंजीव आतून आले. त्यांनी तिच्या हातातून शर्ट घेतला, वास घेतला, तोंड वाकडं केलं, अंगात घातला आणि आरशात पाहून म्हणाले, “एक नंबर! असा हजार रुपयांना मिळत नाही.” आणि बाही दुमडत खाली उतरले.

मी गॅलरीत गेलो. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निळ्या रेघांची ती पाठ, डावा खांदा किंचित खाली, घाईघाईनं गर्दीत शिरत होती. माझ्या लहानपणी अशीच रोज सकाळी शिरायची. मी हाक मारणार होतो, पण नाव कुठलं घ्यायचं ते पटकन सुचेना.

संध्याकाळी घरी आल्यावर चिरंजीवांनी विचारलं, “आजोबांच्या बेलबॉटम कुठायत?” डब्याला झाकण मिळालेलं नाही. ही त्याच्यावर ताटली ठेवते.